‘कॉलेजात विमानाचे गेम’ म्हणणाऱ्यांना

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय: विद्यापीठात विमानाचे आणि एटीसीचे (हवाई वाहतूक नियंत्रणाचे) सिम्युलेटर एकमेकांना जोडून शिकवणं म्हणजे फीच्या पैशांतून व्हिडिओ गेम, ते तास लायसन्सला धरत नाहीत, पायलट व्हायचंच नाही त्याला उपयोग शून्य.

लायसन्सचं बरोबर आहे. कॉलेजच्या कंप्युटरवरचे तास डीजीसीए, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणारी सरकारी संस्था, मोजत नाही. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तरी कोण लायसन्स घेऊन बाहेर पडतं?

गेमचं मात्र पटत नाही. इथे पलीकडे जिवंत माणूस असतो. एका खोलीत वैमानिक झालेली मुलं, दुसरीत रडारसमोर नियंत्रक, मध्ये फक्त हेडसेट. मिळालेली परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. दोघं एकदम बोलले की सगळंच बुडतं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर, केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांच्या दोन विमानांच्या बाबतीत, नेमकं हेच घडलं. टॉवरचं ‘थांबा’ आणि पॅन ॲमचं ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ एकाच क्षणी आलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर पोचली ती शिट्टीसारखी कर्कश किंचाळी. दोन्ही विमानं धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. हे पुस्तकात वाचून मुलं मान डोलावतात. स्वतःची सूचना हवेत विरली आणि पडद्यावर दोन ठिपके जवळ येऊ लागले, की मग घाम फुटतो.

खर्चाबद्दल एवढंच: हलणाऱ्या केबिनचा कोट्यवधींचा सिम्युलेटर कोणी मागत नाहीये. हौशी वैमानिक आणि नियंत्रकांना इंटरनेटवर जोडणारं व्हॅटसिमचं जाळं २००१ पासून फुकट चालू आहे.

आणि उपयोग? विमानतळ प्राधिकरण एटीसीसाठी ज्युनियर एक्झिक्युटिव्ह घेतं, तेव्हा भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनाही अर्ज करता येतो. ही नोकरी आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? शिवाय गणिताला याहून चांगला गृहपाठ कुठला! २०२३च्या जानेवारीत गोव्यातलं दुसरं विमानतळ, मोपा, सुरू झालं. दाबोळीच्या जुन्या विमानतळापासून ते सरळ रेषेत जेमतेम चाळीसेक किलोमीटर. दोन्हीकडची विमानं एकाच आभाळात, त्यात पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा. रांग कशी लावाल? दाबोळीचं नियंत्रण नौदलाकडे. तिथे वर्ग नेऊन खुर्चीत बसवता येणार नाही.

खरा आक्षेप त्या मजकुरात आलाच नाही. सत्र संपल्यावर रेकॉर्डिंग लावून कोण कुठे चुकलं हे उलगडणारा शिक्षक हवा. तो नसेल तर मग तुमचंच खरं, तो गेमच.