क्रँककेस म्हणजे पाटा नव्हे, घासायला

गेल्या आठवड्यात भाचा टेम्पोत ओबीएमचं (बोटीच्या मागं लावायच्या आउटबोर्ड मोटरचं) उघडलेलं इंजिन घालून कोल्हापुरात, उद्यमनगरात आला. शिरोळकडच्या त्यांच्या बचाव पथकाच्या बोटीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. आल्या आल्या म्हणतो, "मामा, तेवढं ग्राइंडरवाल्याला सांगा, दोन्ही तोंडांवरनं पाव-पाव मिलिमीटर मारून दे म्हणावं."

तोंडं म्हणजे ब्लॉक आणि क्रँककेस जिथं जुळतात त्या कडा; क्रँककेस म्हणजे पिस्टनखाली क्रँकशाफ्ट फिरतो ती पेटी. का, तर व्हॉट्सअॅपवर आलंय. 'क्रँककेस लीकवर कायमचा इलाज': तोंडं ग्राइंड करा, सिलिकॉन सढळ हातानं लावा, सील (शाफ्टभोवतीचं रबरी कडं) गळत नसेल तर बदलू नका, कॉम्प्रेशन आलं की इंजिन पास, आणि शंका राहिलीच तर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा. खाली 'नाद खुळा' असं लिहून तीन ग्रुपवर यानंच पुढं ढकललंय.

आधी ग्राइंडिंग. अरे, हे हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नव्हे. या इंजिनात क्रँकशाफ्ट बरोबर जोडावर बसतो, म्हणजे बेअरिंगचं अर्धं घर ब्लॉकमध्ये आणि अर्धं क्रँककेसमध्ये. दोन्ही भाग एकत्र आवळून मगच ते भोक बोअर केलेलं असतं. समजा घर 62 मिमीचं आहे. दोन्हीकडनं पाव मिमी काढलंस की आडवं 62 राहिलं, उभं साडेएकसष्ट झालं. गोल होतं ते लंबगोल झालं. बेअरिंगची बसवणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि आपण अर्धा मिमी खाल्ला! बोल्ट आवळले की एकतर बेअरिंग चिमटतं, नाहीतर केस तडकते. म्हणूनच मॅन्युअल सांगतं की ब्लॉक आणि क्रँककेस ही जोडी आहे, बदलायची तर जोडीनंच. एकदा घासलं की ब्लॉकसकट भंगार. उद्यमनगरात ग्राइंडर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून सगळंच घासायचं नसतं.

तोंडं साफ हवीत, एवढं मात्र खरं. जुना सीलंट सॉल्व्हंटनं मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. स्क्रूड्रायव्हर घालून फोडलेल्या केसेस मी पुष्कळ पाहिल्यात.

बाथरूमचं सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं आणि सुटतं. जाड थर दिला की आत वळी निघते. ती तुटून बेअरिंगच्या तेलाच्या भोकात अडकते, नाहीतर ट्रान्स्फर पोर्टनं (क्रँककेसमधनं सिलिंडरकडं जाणाऱ्या वाटेनं) वर जाते. कंपनीनं सांगितलेला सीलंट घ्या, पातळ हात फिरवा, बोल्ट मधनं बाहेर टप्प्याटप्प्यानं आवळा. त्याआधी बेअरिंगच्या पिना आपल्या खाचेत बसल्यात का ते बघा.

'सील गळत नाही' हे तर हसण्यावारी न्यायचं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये गळायला तेलाचं तळंच कुठं असतं? पिस्टन वर गेला की आत व्हॅक्यूम, खाली आला की दाब. खराब सील तेल टाकत नाही, हवा ओढतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन तापून चिकटतो. आणि हे कुठं होणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेलेली असताना, बोटीत माणसं बसलेली असताना.

कॉम्प्रेशन गेज पिस्टनच्या वरचं सांगतं. खालचं त्याला काय कळणार?

ऑइलचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. नवं काम झाल्यावर ब्रेक-इनला, म्हणजे इंजिन रुळवताना, बऱ्याच आउटबोर्डांना 50:1 (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) ऐवजी 25:1 मिश्रण सांगितलेलं असतं. पण लीकवर तो इलाज नव्हे. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखीच लीन.

सगळे सील नवे घालून इंजिन जोडलं. इनटेक-एक्झॉस्ट प्लेटा लावून बंद केले आणि हातपंपानं क्रँककेसमध्ये दाब भरला. 8 पीएसआयच्या वर जायचं नाही, सील उलटतात. जोडावर साबणाचं पाणी मारलं. दहा मिनिटं दाबाच्या गेजची सुई हलली नाही.

त्या सुईचा फोटो भाच्याला तिन्ही ग्रुपवर टाकायला लावला. पहिलाच रिप्लाय आला, "भारी! ग्राइंडिंग किती केलं?"