झिजलेल्या रुपयाची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या आसपास दरवर्षी ओळखीपाळखीतून फोटो येतात. ताटात मांडलेले चांदीचे जुने रुपये आणि खाली एकच प्रश्न: याचे किती येतील? मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे माहीत असल्यामुळे लोक विचारतात, मीही जमेल तसं सांगतो. पण त्या ताटात एखादा रुपया असा असतो की ज्याच्यावरची व्हिक्टोरिया राणी पुसट झालेली असते, कडेच्या रेघा गेलेल्या असतात आणि साल वाचायला भिंग लागतं. लोक तो बाजूला सारतात, ‘हा काही कामाचा नाही’ म्हणतात. मला आज त्या रुपयाबद्दल लिहायचं आहे, कारण माझ्या मते त्या ताटातला सगळ्यात मोलाचा रुपया तोच.

जो लखलखीत राहिला तो फारसा वापरलाच गेला नाही. टाकसाळीतून निघून तो कुणाच्या तरी गाडग्यात किंवा पेटीत गेला आणि तिथेच बसला. झिजलेला रुपया हिंडला. धोतराच्या कनवटीला आणि पदराच्या गाठीत तो राहिला, सावकाराच्या गल्ल्यातून आठवडी बाजारात आणि तिथून पुन्हा कुणाच्या तरी घरी गेला. आपण ज्या काळाची हळहळ करतो, चांदीचं नाणं रोजच्या व्यवहारात होतं तो काळ, त्याचा साक्षीदार हा आहे. दुसरा तर त्या काळात झोपलेला होता.

आपल्या पिढीला कल्पना करणंसुद्धा जड जातं. आपल्याला चांदी म्हणजे सराफाकडे जाऊन पावती घेऊन आणायची वस्तू. तेव्हा ती सुट्या पैशांतून परत यायची. 1835 साली कंपनी सरकारने ठरवलेला रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात 12 पैकी 11 भाग चांदी. 180 ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. म्हणजे रुपया हा पैसाही होता आणि वजनही. बंगाली शेर 80 तोळ्यांचा, त्यामुळे 80 रुपये तराजूत टाकले की शेर झाला. त्याच्या खाली आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली आणि दोन आण्यांची चवली, सगळी चांदीची. चवली दीड ग्रॅमचीसुद्धा भरत नाही, अंगठ्याच्या नखाएवढी असते. पण चांदी तीच, रुपयात होती तितकीच शुद्ध. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात बंदा रुपया क्वचित यायचा. त्याचा व्यवहार तांब्याच्या पैशात आणि फार तर चवली-पावलीत. म्हणून झिजलेली चवली हातात आली की मला रुपयापेक्षा जास्त भरून येतं. गरिबाच्या हातची चांदी ती होती.

आणि लोक नाण्याकडे बघायचे, नीट बघायचे. रुपया दगडावर आपटून, वाजवून घ्यायचे. जुन्या कित्येक रुपयांवर सराफांनी पारखताना ठोकलेल्या बारीक खुणा दिसतात. आजचे संग्राहक त्यामुळे नाण्याची किंमत कमी धरतात, मला तो प्रकार पटत नाही. लोकांची नजर किती तीक्ष्ण होती ते बघायचं असेल तर 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड अशी आखूड दिसत होती की लोकांना ते डुक्कर वाटलं. एवढी ओरड झाली की सरकारला नाणी मागे घ्यावी लागली आणि 1912 पासून हत्ती दुरुस्त करून नवीन ठसा काढावा लागला. आज खिशातल्या दहाच्या नाण्यावर काय काय कोरलंय हे न बघता सांगू शकणारी किती माणसं सापडतील?

झीज ही कायद्यालासुद्धा माहीत होती. रुपया वापराने दोन टक्क्यांपर्यंत घटला तरी तो कायदेशीर चलन म्हणून घ्यावाच लागे. हाताहातात घासून नाण्याची चांदी उडणार, हे सरकारने धरूनच ठेवलेलं होतं. तेव्हा तुमच्या घरातला 11.66 ऐवजी 11.5 भरणारा रुपया बिघडलेला नाही, त्याने काम केलंय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘तेव्हाचा पैसा प्रामाणिक होता, आताचा नुसता कागद’ असं लिहिणाऱ्यांच्या पोस्ट मी वाचतो आणि मला त्या मान्य नाहीत. चांदीच्या रुपयाचा लगाम लंडनच्या हातात होता. 1893 पर्यंत कुणीही चांदी टाकसाळीत नेऊन, ठरलेली घडणावळ भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी सरकारने ती वाट बंद केली. जगात चांदी स्वस्त होत होती आणि इंग्लंडला पाठवायच्या रकमेसाठी सरकारला रुपयाचा भाव टिकवायचा होता. परिणाम काय झाला? खेड्यातल्या बाईच्या अंगावरचे वाळे, तोडे, गोठ ही तिची साठवण होती. तोळाभर चांदी म्हणजे जवळपास रुपया, हे नातं तुटलं. रुपया चढा राहिला आणि तिच्या अंगावरची चांदी उतरली. पाठोपाठ 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले आणि दागिने मोडायची वेळ आली ती नेमकी तेव्हा. रुपयातही चांदीच आणि तोड्यातही चांदीच, पण भाव दोन. जुन्या रुपयाबद्दल मला ओढ आहे, ती हे सगळं लक्षात ठेवून आहे.

मग हा रुपया गेला कसा? एका दिवसात नाही. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपयातल्या चांदीची किंमत रुपयापेक्षा वर जायला लागली. नाणी वितळवण्यावर बंदी आली. 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट निघाली, आणि तिच्यावर चित्र कशाचं, तर चांदीच्याच रुपयाचं! लोकांनी नोटा खर्च केल्या आणि रुपये जमिनीत पुरून ठेवले. दोन नाणी एकाच भावाने चालत असतील तर हलकं बाजारात फिरतं आणि भारी घरात दडतं, हे समजायला कुणाला अर्थशास्त्र शिकावं लागलं नाही. इथली टंचाई एवढी वाढली की 1918 मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले. सुमारे 26 कोटी डॉलर्सची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती मुख्यतः हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. म्हणजे त्यानंतरच्या एखाद्या रुपयात अमेरिकेतला एखादा डॉलर मुरलेला असू शकतो. मला ही गोष्ट दर वेळी नव्याने हलवून जाते. चांदीची चवली मात्र त्याच धामधुमीत संपली. 1918 पासून दोन आण्याचं नाणं तांबं-निकेलचं, चौकोनी झालं.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेलं आवरलं. 1940 मध्ये पावली, अधेली आणि शेवटी रुपया, तिघांतली चांदी निम्म्यावर आणली गेली. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेच, 11.66 ग्रॅम. राणी छाप, मग एडवर्ड, मग जॉर्ज असे जुने, अस्सल चांदीचे रुपये पुढच्या काही वर्षांत चलनातून एकेक करून बाद झाले. 1947 मध्ये वाघाचं चित्र असलेला निकेलचा रुपया आला आणि चांदी रोजच्या व्यवहारातून कायमची उठली. आपण दर स्वातंत्र्यदिनाला त्या वर्षाची आठवण काढतो, ही आठवण कुणी काढत नाही. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी स्वतंत्र भारताने 1950 च्या दशकात परत केली. त्यासाठी मागे घेतलेली निम्म्या चांदीची नाणी गाळून चांदी वेगळी काढली गेली. हातोहाती फिरलेली ती बरीचशी नाणी अशी गेली.

आमच्या मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. निजामाचा चारमिनार छाप हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशेब जुन्या माणसांच्या तोंडावर असे. माझी आजी शेवटपर्यंत ‘हाली की कलदार?’ असं विचारूनच जुना कुठलाही भाव सांगायची. हाली रुपयातही चांदी होती, थोडी कमी. त्याला आज बाजारात कलदाराएवढा मान नाही आणि म्हणून तो सगळ्यात आधी मोडीत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोडीत जाणं, हेच मला लागतं. चांदीचा भाव वाढला की घरातले जुने रुपये वजनावर विकले जातात. लखलखीत रुपयाला संग्राहक मिळतो, तो वाचतो. झिजलेल्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे भट्टीत पहिला तोच जातो. अजून तीस-चाळीस वर्षांनी फक्त पेटीत झोपलेली नाणी शिल्लक राहतील आणि प्रत्यक्ष बाजार केलेली सगळी संपलेली असतील. गरज असेल तर विका, अडचणीला उपयोगी पडावेत म्हणूनच ते जपले गेले होते. पण गरज नसताना, ‘नुसतेच पडलेत’ म्हणून मोडू नका. आणि पूजेआधी त्यांना पितांबरी लावून घासू नका, हात जोडून सांगतो. तो काळसर थर हवेने चढलेला आहे, तो नाण्याचं काही बिघडवत नाही. घासण्याने मात्र उरलासुरला ठसा जातो. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

घरी असा एखादा झिजलेला रुपया, पावली, नशिबाने चवली असेल तर खाली फोटो टाका. दोन्ही बाजू आणि कड दिसू द्या. 1862 सालचा रुपया असेल तर एक लक्षात ठेवा: टाकसाळी 1874 पर्यंत तेच साल ठोकत होत्या, त्यामुळे तो नेमका कुठल्या वर्षीचा ते बारीक ठिपक्यांवरून शोधावं लागतं, तेवढं मी बघून सांगेन. शक्य असेल तर सराफी काट्यावर वजन करून आणा आणि ते फोटोसोबत लिहा. किमतीचं आपण नंतर बोलू, आधी 11.66 मधले किती कमी भरले ते कळू दे.