पिन उलटा दाबला म्हणून पोलीस येत नाहीत

‘परदेशी जाताय? हे चार नियम पाळा, एक पैसाही चोरीला जाणार नाही.’ सुट्ट्या जवळ आल्या की हा निरोप ग्रुपवर येतोच. चारही नियम ठणकावून सांगितलेत, आणि चारही कच्चे आहेत.

पहिला: एटीएमवर कुणी धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलिसांना आपोआप खबर जाते. जात नाही. ज्याचा पिन १२२१ आहे त्याने काय करायचं, एवढं तरी पुढे ढकलणाऱ्याने स्वतःला विचारावं!

दुसरा: कार्ड फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर गर्दीत कुणी मशीन फिरवून पैसे काढील. टॅप करायचं कार्ड वाचायला मशीन काही सेंटीमीटरवर आणावं लागतं. प्रत्येक व्यवहाराला चिप नवा कोड तयार करते, मागे छापलेला सीव्हीव्ही तर ती देतच नाही. फॉइल गुंडाळा, बिघडत काही नाही. पण चोर अजून हातानेच चोरतात. कॅफेत एकजण टेबलावर नकाशा पसरून पत्ता विचारतो. आपण बोट ठेवून रस्ता दाखवतो, तो आभार मानून नकाशा उचलतो आणि नकाशाखालचा आपला फोनही त्याच्यासोबत जातो.

तिसरा: पासपोर्ट, रोख, सगळी कार्डं कमरेच्या पट्ट्यात ठेवा. खरं नुकसान करतो तो हा नियम. पट्ट्यावर माझा राग नाही, ‘सगळी’ या शब्दावर आहे. पट्टा गेला की सगळंच गेलं. शिवाय तिकिटासाठी भर रांगेत शर्ट वर करून पैसे काढणारा माणूस आपला खजिना कुठे आहे ते स्वतःच दाखवतो. दिवसापुरती रोख आणि एक कार्ड खिशात, दुसरं कार्ड भलत्याच जागी. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण फोन गेला तर कार्ड बंद करायचं ॲप आणि ओटीपीचं सिमही त्याच्याबरोबर गेलेलं असतं.

चौथा: पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, बाहेर न्यायचाच नाही. पाहुणा कोड विसरला तर कर्मचारी ती तिजोरी उघडून देतात, म्हणजे किल्ली एकट्या आपल्याकडे नसते. आणि जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. झेरॉक्स तिथे चालत नाही.

पासपोर्ट सापडेना झाला तर तक्रारीआधी बॅगेचं अस्तरही चाचपून घ्या. हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो, इंटरपोलच्या यादीतही जाऊ शकतो. मग संध्याकाळी तो मोज्यांत सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.