नाणेघाट पावसाळ्यात बघू नका

आधीच सांगतो, हे वाचून आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधले निम्मे लोक चिडणार आहेत. चिडा. पण जूनमध्ये चार थेंब पडले की ‘उलटा धबधबा’ (वाऱ्याने वर उडणारं पाणी) बघायला नाणेघाटावर जी जत्रा भरते, तिला मी चार वर्षं हजेरी लावली आहे. चारही वर्षं दिसलं काय, तर धुकं, पुढच्याचा रेनकोट आणि भाजलेली कणसं. लेण्यात पाऊस चुकवायला माणसं दाटीवाटीने उभी, भिंतीला पाठ टेकून. त्या भिंतीवर काय कोरलंय हे बघायला कुणी मान वळवत नाही. मीही वळवली नव्हती.

यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. मी, बायको आणि मामा. डोंबिवली ते पैठण, जमेल तिथे पायी, बाकी गाडीने. मामाचा गुडघा दुखतो, म्हणून त्याने गाडी माळशेज घाटाने वर आणायची, आम्ही दोघांनी वैशाखऱ्याच्या पुढून नाणेघाट चढायचा आणि वर भेटायचं असं ठरलं.

वाट मुद्दाम ही धरली. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. आणि ही वाहतूक पावसात होत नसणार, हे कुणालाही कळेल. जहाजं नांगरलेली, घाटात चिखल, नद्यांना पूर. मराठ्यांच्या फौजासुद्धा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मगच मुलूखगिरीला निघायच्या. म्हणजे आपल्या मुलखात रस्त्याला लागायचा मोसम दसऱ्यानंतरचा. पावसात डोंगरावर गर्दी करायची टूम आपली, अलीकडची.

मुरबाडच्या पुढे रस्त्याकडेच्या खाचरात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट तळ, उतरला होता. भात कधीच कापून झालेलं, नुसती धसकटं उरलेली. त्यात वाघर (जाळी) लावून कोंडलेल्या मेंढ्या, दोन घोड्या, पालथ्या डालग्याखाली कोंबड्या. मामाला चहा हवा होता, म्हणून समोरच्या टपरीवर थांबलो. बायको तोवर रस्ता ओलांडून तिकडे पोचली होती.

“कुठल्या गावच्या, मावशी?”

“ढवळपुरी. पारनेर तालुका.”

“कधी निघालात?”

“दिवाळी करून.”

तिकडे दुष्काळी मुलूख, चारा लवकर संपतो. म्हणून घाट उतरून कोकणात यायचं, इथल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या. रानाला खत मिळतं, यांना पैसे किंवा भात. पाऊस तोंडावर आला की परत वर. बाईंनी मग आम्हाला विचारलं, तुम्ही कुठं? बायको म्हणाली, नाणेघाट चढून पैठणला, थोडं चालत, थोडं गाडीने.

“गाडी हाय तर चालता कशाला?”

याचं उत्तर बायकोने माझ्याकडे ढकललं. मी म्हटलं, हौस. बाई हसल्या आणि कोकराला बाटलीने दूध पाजू लागल्या.

चढायला आम्हाला तीन तास लागले. (नेहमी फिरणाऱ्यांनी हसू नये.) खाली झाडीतून वाट, पाचोळ्याचा नुसता चुरचुराट. मग कारवीचे वाळके दांडे, आणि शेवटच्या टप्प्यात झिजलेल्या दगडी पायऱ्या. पावसात याच पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि सगळं लक्ष आपण घसरत तर नाही ना याच्याकडे असतं. आता दगड कोरडा होता. मागे वळलं की कोकणातली गावं, नागमोडी रस्ता, ‘नानाचा अंगठा’ या सुळक्याची सावली, सगळं लख्ख. लेण्याच्या जवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढून आल्यावर पहिली गरज पाण्याची, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

लेण्यात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. दुपार कलली होती, ऊन तिरपं आत येत होतं आणि तिरप्या उन्हात अक्षरं भिंतीवरून उठून दिसतात, हे मला पाचव्या खेपेला कळलं. नागनिका राणीचा लेख. सातकर्णी राजाची ही राणी. ब्राह्मी लिपी, दोन हजार वर्षांहून जुनी. यज्ञ केले, दक्षिणा दिली, त्याचा हिशेब. त्यातले आकडे हे भारतीय अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. एके ठिकाणी दक्षिणा 24,400 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, आहे. हा आकडा लिहिताना शून्य नाही. हजाराला, शंभराला वेगळी चिन्हं. मला ब्राह्मी वाचता येत नाही, मोबाइलवर वाचन उतरवून आणलं होतं, ते धरून ओळ लावत बसलो. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी घराण्यातली नावं कोरलेली आहेत. त्या नावांखाली मूर्ती होत्या, त्या गेल्या. अर्धा तास बसलो. पावसाळ्यात अर्धा मिनिट उभं राहायला जागा मिळत नाही.

वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजणापाशी मामा दोन तास ताटकळत होता. नेटवर्क नाही, त्यामुळे आम्ही जिवंत आहोत की नाही हेही त्याला कळेना. पण वेळ त्याने वाया घालवला नव्हता. घाटघरला पिठलं-भाकरी खाऊन आला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रांजणाची गोष्ट सांगत होता. पूर्वी व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचे म्हणे. आम्हालाही अथपासून सांगितली. मी आत डोकावलो. बिस्किटांचे दोन रिकामे पुडे.

जुन्नरला मुक्काम केला. शिवनेरी यंदा लांबूनच. लेण्याद्रीला पायऱ्या चढून गेलो; बौद्ध विहारात बसलेला गिरिजात्मज बघायला मला नेहमीच गंमत वाटते. पण सांगायचं आहे ते ओतूरच्या बाजूचं. पहाटे साडेपाचला थंडीत चालायला निघालो, तर लॉजवाल्याने अडवलं. म्हणाला, उजाडल्याशिवाय ऊसाच्या कडेने जाऊ नका, बिबट्या आहे. इथे हे कुणी गमतीत म्हणत नाही. ऊस हेच आता बिबट्याचं रान आहे. तोड सुरू झाली की पिल्लं सापडतात आणि माणसं अंगणात झोपायची बंद होतात.

उजाडल्यावर गेलो. त्याच ऊसाच्या फडाला लागून तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या भिंती, वर ताडपत्री, दाराला दार नाही. एका कोपीपुढे बाई भाकऱ्या थापत होती, नवरा कोयत्याला धार लावत होता. पाथर्डीकडचे. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हलायचं नाही. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, हे मला माहीत होतं. समोर दोन माणसं उभी असताना तो शब्द कसा वाटतो, हे माहीत नव्हतं. बिबट्याचं विचारलं. तो म्हणाला, “रातच्याला शेकोटी ठिवतो.” बस.

ऊसाच्या ट्रॅक्टरला मी आजवर भरपूर शिव्या दिल्या आहेत. मागे दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, गाणी फुल्ल. रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे, यावर माझं मत बदललेलं नाही. पण आळेफाट्यापर्यंत अशा तीन ट्रॅक्टरांच्या मागे रखडलो आणि मामासकट कुणी हॉर्न वाजवला नाही.

पुढे भाळवणीजवळ ढवळपुरीकडे वळणारा रस्ता लागला. बायको म्हणाली, मावशींचं गाव. नगरला चांदबिबी महालाच्या टेकडीवर पायी चढलो. नाव चांदबिबीचं, आत थडगं सलाबतखानाचं, आणि वर वारा असा की कान दुखायला लागले. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या आत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं शेत आहे, त्याच्या वडिलांनी हुरड्याला बोलावलं होतं. आगटीत गोवऱ्यांचा आर, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळून पाखडलेला कोवळा दाणा, लसणाची चटणी, गूळ. हात काळे, जीभ भाजलेली. मामाने किती खाल्ला ते मामीला सांगायचं नाही असं ठरलंय.

वस्तीवर आठ घरं. सहांना कुलूप. काका म्हणाले, कारखान्यावर गेलेत, आता पाडव्याच्या सुमाराला येतील. एका ओट्यावर म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन ऊन खात बसली होती. मी काकांना ओतूरच्या कोपीबद्दल सांगणार होतो, पण त्यांना त्यात नवीन काय असणार!

पैठणला नाथसागराच्या काठाने सकाळी दोन तास चाललो. लांब पाण्यात फ्लेमिंगो होते, इतके लांब की मामा त्यांना शेवटपर्यंत बगळेच म्हणत राहिला. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. पैठणीच्या दुकानात बायकोने फक्त किंमत विचारली.

परतताना माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढलो. सरळ, गुळगुळीत, पायी माणूस औषधालाही नाही. चालायला परवानगीच नाही. मामा मागे झोपला. इगतपुरीला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातून बाहेर पडलो तेव्हा तो जागा झाला आणि खिडकीची काच पुसत म्हणाला, “कसारा घाट आला की उठव रे.”

“गेला, मामा.”

“कधी?”