दुपारचं काम थांबवायची सोय कोण करणार?

दरवर्षी मार्च संपता संपता हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाज येतो. एप्रिल ते जून कुठं तापमान सरासरीच्या वर राहणार, उष्णतेच्या लाटेचे दिवस वाढणार का वगैरे. दोन दिवस सगळ्या ग्रुपवर पिवळे-नारिंगी-लाल नकाशे फिरतात आणि मग ज्याचं त्याचं काम सुरू होतं. माझी अंदाजाबद्दल तक्रार नाही, अंदाज पूर्वीपेक्षा खूप सुधारलेत. पण आमच्या हिंगोली-वसमत-परभणी पट्ट्यात ज्या मजूर बाईला हा अंदाज सगळ्यात जास्त लागू होतो तिला दुपारी काम थांबवायची मुभाच नाही, आणि याबद्दल मला आज लिहायचंय. पोस्ट मोठी आहे पण वाचा.

आमच्याकडं मार्च-एप्रिल म्हणजे हळदीचा सिझन. काढणी, मग कुकरमध्ये शिजवणं, मग पंधरा-पंधरा दिवस उघड्यावर वाळवणं, मग पॉलिश. वाळवायला कडक ऊन लागतं, म्हणजे मजुराला जे ऊन सोसत नाही तेच हळदीला पाहिजे असतं, आणि असं ऊन पडलं की त्याच संध्याकाळी आभाळ भरून यायची धास्ती. शिजवलेली हळद भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते, भाव पडतो, वर्षाची मेहनत गेली. त्यामुळं तीन-चारच्या सुमाराला आभाळात काळं दिसलं की गडी, बाया, घरातली शाळकरी पोरं, सगळे ताडपत्र्या घेऊन रानात पळतात. नेमक्या वीज पडायच्या टायमाला अख्खं घर उघड्यावर! मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते आणि यावर कुणीच बोलत नाही.

बरेच जण ऊन आणि अवकाळी ही दोन वेगवेगळी संकटं धरतात. तसं नाहीये. सकाळपासून जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, त्यात अरबी समुद्राकडून नाहीतर बंगालच्या उपसागराकडून बाष्प आलेलं असेल आणि वरच्या थरात हवा गार असेल तर दुपारनंतर ढग बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच जातो, मग वारा, वीज, कधी गारा. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक करत खाली तमिळनाडूकडं जाणारी कमी दाबाची रेषा बातम्यांत ऐकली असेल, ती असली की हा खेळ रोजचा होतो. आणि ढग तरी केवढा, एका गावात गारांचा खच पडतो आणि शेजारच्या गावात धूळ सुद्धा बसत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यात तर मान्सून २६ तारखेलाच मुंबईत पोचला, त्याआधीचे दोन-तीन आठवडे अवकाळीनं कांदा, आंबा, उन्हाळी तीळ, भुईमूग सगळं झोडपून काढलं.

आता उष्णतेच्या लाटेचा हिशोब बघा. सपाट भागात निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५ च्या वर, तेव्हा लाट म्हणतात. आमच्याकडं एप्रिलअखेर सरासरीच ४०-४१ च्या घरात, म्हणजे ४३ ला लाट जाहीर होत नाही. पण ४३ ला वाकून हळद वेचणाऱ्या बाईच्या शरीराला हा नियम माहीत नसतो हो! शिवाय ते ४३ सावलीतलं असतं, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं. काळ्या रानात, उन्हात, जमिनीजवळ किती असेल विचार करा. (अधूनमधून ५०-५५ चे आकडे व्हायरल होतात त्यावर मात्र विश्वास ठेवू नका, मे २०२४ मध्ये नागपूरला ५६ दाखवलं होतं, नंतर खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं.)

आणि नुसत्या आकड्यावर जाऊन तर बिलकुल चालत नाही. संध्याकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पारा दोन-तीन अंश खाली असतो, लोक म्हणतात चला जरा बरं झालं, पण हवेत दमटपणा वाढलेला असतो, घाम वाळत नाही, अंग थंडच होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं दगावली तेव्हा तिथलं तापमान ३८ च्या आसपासच होतं. रात्री पत्र्याच्या घरात झोप नाही ते वेगळंच.

विजेबद्दल थोडं, कारण हे खरंच जीव वाचवणारं आहे. देशात दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं वीज पडून मरतात, त्यातली बरीचशी शेतात नाहीतर झाडाखाली. पाऊस सुरू व्हायच्या आधीही वीज पडते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात. कडुलिंबाखाली, आंब्याखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, एकमेकांपासून लांब, आडवं पडू नका. ज्याच्यावर वीज पडली त्याला हात लावला तर शॉक बसत नाही, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या आणि १०८ ला फोन करा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळपास वीज पडायचा धोका असेल तर सांगतं, चांगलं आहे, टाकाच. हवामान खातं तीन तासांचा तातडीचा इशाराही देतं. पण मजूर बायांकडं साधा बटनाचा फोन, तोही घरी. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळात मंडळात बसवलीत, त्यांचं नाव आम्ही ऐकतो ते पीक विम्याच्या भांडणात. आणि शेतकऱ्याला त्याच्या तालुक्याच्या भाषेत सल्ला देणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करायचा आदेश २०२४ च्या सुरुवातीला निघाला, हा निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. नुकसान झालं की ३३ टक्क्यांच्या वर आहे का बघायला पंचनाम्याला माणसं येतात, आधी सांगायला येणारं माणूसच कमी केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एप्रिल-मेमध्ये ११ ते ४ उन्हासाठी आणि ३ ते ७ विजेसाठी धोक्याचे, म्हणजे जवळजवळ सगळी दुपार गेली. मग पहाटे साडेपाच ते साडेदहा हीच पूर्ण हजेरी धरा. पूर्ण रोज द्या. गारव्यात पाच तासांत जेवढं काम होतं तेवढं उन्हात आठ तासांत होत नाही हे कुठलाही शेतकरी मान्य करेल. गुत्त्यावर काम देणाऱ्यांनी सुद्धा हाच टाइम ठरवून द्यावा. रोजगार हमीच्या कामांवर मोजमाप भरलं नाही म्हणून उन्हाळ्यात मजुरी कापू नये. हळद वाळवायला गावालगत पक्की खळी बांधून द्या, ताडपत्री सकाळपासून ढिगाशेजारी ठेवा, आणि गडगडायला लागल्यावर ढीग झाकायला कुणालाही पाठवू नका, मालकानं आपल्या पोरालाही नाही. तीन तासांचा इशारा आला की देवळाच्या भोंग्यावरून सांगायला काय खर्च येतो?

१ मे ला ग्रामसभा आहे, आम्ही हा विषय ठेवतोय. तुमच्या गावात आधीच उन्हाळ्यात कामाचा टाइम बदललेला असेल तर किती ते किती आणि रोज काय ठरला तेवढं खाली लिहा, सभेत दाखवायला लागेल.