स्टॉक स्प्रिंगवर कॅम्बर प्लेट: आवाज कुठून येतो ते आधी बघू

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी गॅरेजचं शटर उघडायच्या आधी परत एकदा वाचली. फोर्ड मस्टँगच्या कॅम्बर प्लेटवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे म्हटलंय, ते बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. (कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, उणे म्हणजे चाकाचं डोकं आत झुकलेलं. स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून झालेला उभा खांब, आणि कॅम्बर प्लेट त्याचं वरचं टोक सरकवून तो कल बदलते.) तुमचं म्हणणं असं: कंपनीची म्हणजे स्टॉक स्प्रिंग ठेवून कॅम्बर प्लेट लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. लावायचं तर पूर्ण कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉकअप-स्प्रिंगचा संच) लावा, नाहीतर दोन कॅम्बर बोल्ट टाकून मोकळे व्हा. मी रबर बुशवाली प्लेट सुचवली ती भीतीपोटी. उणे दोन अंश कॅम्बर टायर खाऊन टाकेल. आणि मुख्य तक्रार ही की, लेख वाचून तुम्ही प्लेट लावल्या, तर मी लिहिलेले उणे तीन अंश मिळालेच नाहीत. उणे दोनच्या आतच प्लेट अडली, वर स्टिअरिंग फिरवताना कटकट आवाज सुरू झाला.

उणे तीनपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. तो आकडा बारीक स्प्रिंगच्या कॉइलओव्हरवर मिळणारा होता. कॉइलओव्हरची स्प्रिंग आतून साधारण ६० ते ६५ मिलिमीटरची असते. कंपनीची स्प्रिंग त्यापेक्षा बरीच रुंद, आणि तिच्या डोक्यावरची वाटी त्याहून रुंद. प्लेट आत सरकवली की ही वाटी स्ट्रट टॉवरच्या (बॉडीत स्ट्रटचं डोकं बसतं त्या घुमटाच्या) आतल्या भिंतीला जाऊन टेकते. वरच्या खाचेत जागा शिल्लक दिसते, पण खाली स्प्रिंगला जायला जागाच उरलेली नसते. स्टॉक स्प्रिंगवर किती कॅम्बर मिळेल हे ती वाटी ठरवते, प्लेटवर कोरलेल्या रेघा नाही. हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती करतो आहे. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

पण म्हणून स्टॉक स्प्रिंगवर प्लेट फुकट जाते, हे मला पटत नाही. उलट मऊ स्प्रिंगलाच उभ्या गाडीतला कॅम्बर जास्त लागतो. वळणात गाडी झुकते आणि मॅकफर्सन स्ट्रट (मस्टँगच्या पुढच्या चाकांना हाच प्रकार आहे) दबताना स्वतःहून फार थोडा कॅम्बर परत देतो. समजा, बॉडी तीन अंश झुकली आणि स्ट्रटने दबताना एक अंश परत दिला. म्हणजे बाहेरचं चाक रस्त्याच्या हिशेबाने दोन अंश बाहेर कललं. सरळ उभ्या गाडीला उणे एक असेल तर त्या वळणात चाक अधिक एकवर जातं आणि टायर बाहेरच्या कडेवर घासत चालतो. उणे दोन असेल तर चाक जवळजवळ सरळ उभं राहतं आणि टायरची पूर्ण रुंदी रस्त्यावर बसते. कडक स्प्रिंगवाली गाडी कमी झुकते, त्यामुळे तिला कमी कॅम्बरवरही भागतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एकदा चढून-उतरून या आणि पुढच्या टायरची बाहेरची कड बघा. कंपनीच्या कॅम्बरवर ती कड गोल होत चाललेली दिसेल, आणि मधली नक्षी मात्र नव्यासारखी.

कॉइलओव्हर लावायला माझा विरोध नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण ते लावले की गाडी खाली बसवतात, आणि स्ट्रटच्या गाडीत चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर गेला की दबताना मिळणारा उरलासुरला कॅम्बरही हातचा जातो. कंपनीच्या उंचीवर ती भूमिती शाबूत असते. शहरात रोज चालणाऱ्या आणि महिन्यातून एकदा घाटात जाणाऱ्या गाडीसाठी मला हाच रस्ता सरळ वाटतो.

बोल्टचं उत्तर छोटं आहे. कॅम्बर बोल्ट चाकाला स्ट्रटच्या तुलनेत कलवतो, त्यामुळे टायर आणि स्ट्रट यांच्यातली फट कमी होते. रुंद टायर असेल तर आधी तिथेच घासतो. प्लेट सगळा स्ट्रटच आत कलवते आणि चाक त्याच्यासोबत जातं, म्हणून ती फट तशीच राहते. शिवाय हा कॅम्बर बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, आणि एखाद्या जबर खड्ड्यानंतर तो सरकलेला मी अलाइनमेंटच्या स्क्रीनवर पाहिला आहे. अर्ध्या अंशाचीच गरज असेल तर बोल्ट चालेल. त्यापुढे मी जात नाही.

आता रबर. मला ज्यात भीती वाटते ती गोष्ट खरंच आहे, आणि ती धूळ आहे. उघड्या गोलाकार बेअरिंगची प्लेट ट्रॅकवर उत्तम. दबायला रबरच नसतं, चाक ठेवलंय तिथेच राहतं, स्टिअरिंग धारदार होतं. पण ट्रॅकवरची गाडी दर थोड्या दिवसांनी उघडली जाते. आपली गाडी पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून जाते, उन्हाळ्यात हिंगणा रोडची धूळ खाते आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढच्या उन्हात उभी राहते. बेअरिंगच्या आतल्या अस्तरात माती गेली की ती पॉलिश पेपरसारखी काम करते. मग शहरातल्या सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर टक् ऐकू येतं. तुम्ही ते ऐकून घ्यायला तयार असाल आणि वर्षाला बेअरिंग बदलणार असाल, तर जरूर तीच घ्या. तुमच्या प्रतिक्रियेत गाडी रोज ऑफिसला जाते असं आहे, म्हणून तुमच्यासाठीही मी रबरकडेच झुकतो.

टायरबद्दल माझा अनुभव असा, की कॅम्बरच्या नावावर खपणारी बरीचशी झीज टो ची असते. टो म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. प्लेट सरकवली की टो हमखास बदलतो, आणि बरेच लोक प्लेट सरकवून तसेच घरी जातात. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी हेच अंतर ५२० किलोमीटर आहे, आणि बहुतेक सरळ. एवढा वेळ टायर जरासा तिरपा घासत गेला तर आतली कड संपणारच. तळहात टायरच्या नक्षीवरून आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टो आहे. दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागून फक्त आतली कड बसलेली असेल तर कॅम्बर. मी उणे १.८ च्या आसपास कॅम्बर आणि टो जवळजवळ शून्य ठेवतो, आणि हवा थंड टायरमध्येच मोजतो. मे महिन्यात दुपारी मोजलेल्या हवेवर माझा विश्वास नाही.

इथवर सगळं झालं, पण तुमचा खरा त्रास आवाजाचा आहे, आणि स्टॉक स्प्रिंगवर प्लेट निवडताना सगळ्यात आधी बघायची गोष्टही तीच. मूळ लेखात तिला एकच ओळ दिली होती. आता सविस्तर लिहितो.

स्ट्रटच्या गाडीत स्टिअरिंग वळवलं की चाकासोबत स्ट्रट वळतो आणि त्याच्यावर बसलेली स्प्रिंगही वळते. वर बॉडी मात्र जागची हलत नाही. म्हणून स्प्रिंगच्या डोक्याशी काहीतरी फिरावं लागतं. कंपनीच्या माउंटिंगमध्ये वाटी आणि रबर यांच्या मधे एक चपटं बेअरिंग असतं, तेच हे काम करतं. गाडीचं वजन स्प्रिंगमधून त्या बेअरिंगवर येतं आणि बॉडीत जातं. शॉकअपच्या दांड्याचे झटके मधल्या रबरात जातात. वजनाची वाट वेगळी, झटक्यांची वाट वेगळी. चांगली प्लेट या दोन वाटा वेगळ्याच ठेवते. स्वस्तातली प्लेट दोन्ही भार एकाच गोलाकार बेअरिंगवर टाकते, किंवा बारीक स्प्रिंगसाठी बनवलेल्या प्लेटखाली एक रुंद रिंग देऊन 'स्टॉक स्प्रिंगलाही चालते' असं सांगते. त्या रिंगमध्ये बेअरिंग असतंच असं नाही.

अशीच एक गाडी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. पार्किंगमध्ये स्टिअरिंग कापताना आवाज यायचा आणि चौकातून वळल्यावर चाकं आपणहून सरळ व्हायची नाहीत. माझा जुना मिस्त्री बॉनेट उघडून टॉवरवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, स्प्रिंग पिळून राहिली ना, मग एकदम सुटून राहिली." आम्ही स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर आणि रिंगवर मिळून एक पांढरी रेघ मारली, दुसरी रेघ रिंगवरून प्लेटवर ओढली, आणि गाडी जमिनीवर ठेवूनच मी स्टिअरिंग सावकाश फिरवलं. बराच वेळ दोन्ही रेघा अखंड राहिल्या. स्प्रिंग चाकासोबत वळत होती, पण फक्त खालून. वरचा वेढा जागचा हलत नव्हता. मग कट्ट झालं आणि दुसरी रेघ एका झटक्यात बोटभर तुटली. स्ट्रट उतरवून उघडला तेव्हा ॲल्युमिनियमच्या प्लेटवर रिंगने खाल्लेला चांदीसारखा चकचकीत गोल दिसला, आणि त्याच्या कडेला काळी भुकटी. बेअरिंग नव्हतंच. धातूवर धातू, मधे ग्रीसचं बोट.

अजून एक गोष्ट स्टॉक स्प्रिंगवाल्यांनी घेण्याआधीच मोजायला हवी. कॉइलओव्हरला कॉलर फिरवून उंची बदलता येते, आपल्याला येत नाही. त्यामुळे प्लेटची जाडी म्हणजेच गाडीची उंची. टॉवरच्या खालच्या पत्र्यापासून स्प्रिंगच्या वाटीपर्यंतचं अंतर जुन्या माउंटिंगवर मोजा आणि नव्या प्लेटवर मोजा. नवीन अंतर दहा मिलिमीटरने कमी असेल तर गाडी साधारण तेवढीच खाली बसेल, आणि चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग सैल पडत नाही ना हेही बघावं लागेल. दांड्याचा नट बसतो त्या जागेची उंची वेगळी मोजायची, कारण शॉकअप किती दबू शकतो ते तिच्यावर ठरतं. आणि मूळ बंपस्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की आपटू न देणारा तुकडा) व धुळीचं रबर अडकवायला नव्या प्लेटमध्ये सोय आहे का, ते बघा. ती सोय नसेल तर दांड्यावर धूळ बसून सील जाणार, हे आपल्या हवेत ठरलेलं आहे.

तुमच्या गाडीकडे येतो. मस्टँग आपल्याकडे २०१६ मध्ये आली, आणि पुढच्या चाकांना कारखान्यातून कॅम्बर बदलायची सोय नाही, म्हणून तुम्ही प्लेट लावल्या ते योग्यच केलं. तुम्ही प्लेटचं जे वर्णन दिलंय त्यावरून ती कंपनीची वाटी आणि कंपनीचं बेअरिंग परत वापरणाऱ्या प्रकारातली दिसते. अशा प्लेटच्या खोक्यात नवीन बेअरिंग येत नाही. ते जुन्या माउंटिंगमधून काढून लावायचं असतं. बसवणाऱ्याने घाईत वाटी काढली आणि बेअरिंग जुन्या रबरालाच चिकटून राहिलं, हे मी दोनदा पाहिलंय. काळ्या रबरावरची काळी चकती पटकन नजरेत येत नाही. उलटं बसलं तरी असाच आवाज येतो.

तेव्हा प्लेट काढून विकायला टाकण्याआधी ती पांढऱ्या रेघांची तपासणी करा. फिरत्या स्प्रिंगजवळ बोट घालू नका. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च मारून लांबून बघायचं. आवाज येताना रेघ झटक्यात तुटली तर जुन्या माउंटिंग शोधा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला जुने सुटे भाग खोक्यात घालून परत देतो. तुम्हालाही दिले असतील तर डिकीत बघा. बेअरिंग त्यातच सापडलं तर स्ट्रट स्वतः उघडू नका, दबलेली स्प्रिंग हात तोडू शकते. गाडी आणि ती जुनी माउंटिंग घेऊन वर्धा रोडवर माझ्याकडे या. चूक माझ्या लेखातही होती, त्यामुळे बसवायची आणि नंतरच्या अलाइनमेंटची मजुरी मी घेणार नाही. रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या आत आलात तर संध्याकाळपर्यंत गाडी हातात मिळेल.