‘दगड तरंगतो म्हणजे नकली आहे’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की पाच लिटर प्युमिसची पिशवी घरी जेमतेम पावणेतीन किलो भरली, अडेनियमच्या (वाळवंटी गुलाबाच्या) कुंडीत पाणी घालताच खडे वर येऊन तरंगले आणि सगळीकडे पांढरी भुकटी झाली. म्हणजे हा दगड नाही, थर्माकोलसारखं काहीतरी आहे, असं तुमचं म्हणणं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त दगड नकली नाही.

प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा गोठलेला फेस. जमिनीखाली शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येतो तसा दाब उतरतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. प्युमिसच्या रसात सिलिका भरपूर, म्हणून तो कमालीचा घट्ट असतो. आमटी उकळली की बुडबुडे येतात आणि फुटून जातात. पिठलं आळलं की ते आत अडकतात आणि फदफद उडतात, तसं होतं. स्फोटात बाहेर फेकला गेलेला तो फेस इतका झटकन निवतो की स्फटिक जमायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. अनारशाला पडते तशी जाळी, पण काचेची. खड्याचा निम्म्याहून जास्त भाग पोकळच असतो, म्हणून तो तरंगतो. १८८३ साली इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला, तेव्हा प्युमिसचे थरच्या थर तरंगत हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत गेले होते.

‘आपल्याकडचा दगड तर बुडतो,’ हेही तुम्ही लिहिलंय. आपला काळा पाषाणसुद्धा लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो बसाल्ट. त्याचा रस पातळ होता, त्यातले वायू बरेचसे निसटून गेले. प्रवाहांच्या वरच्या थरात भोकं राहिली, आणि पुढे त्यांतल्या कितीतरी भोकांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट हा निळाशार खनिज-खडा सापडतो तो अशाच पोकळ्यांत. त्याचा एक तुकडा मी गल्ल्याशेजारी ठेवलाय. आलात तर जरूर बघा, इतका सुंदर निळा रंग दगडात क्वचित दिसतो.

घरी खात्री करायची असेल तर दोन ओले खडे कानाजवळ धरून एकमेकांवर घासा. काचेसारखी करकर ऐकू येईल. थर्माकोल असा वाजत नाही.

वजनाचं म्हणाल तर हा माल आम्ही मुद्दाम लिटरवर विकतो. ओला झाला की तो जड होतो. किलोवर विकला तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देईल.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती आमची. खडे आधी धुवायचे, रात्रभर भिजवायचे आणि मातीत नीट कालवायचे, नुसते वर पसरायचे नाहीत, हे दुकानात तुम्हाला कोणीच सांगितलं नाही. ती भुकटी बारीक काचेची असते, नाकातोंडात जाता कामा नये, म्हणून कोरडे खडे चाळू नका. हे सांगायलाच हवं होतं. मनापासून माफी मागतो. कालपासून प्रत्येक पिशवीत सूचनांची चिठ्ठी घालायला सुरुवात केली आहे.

उरलेली पिशवी घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. कुंडी आणलीत तर अडेनियम मी स्वतः नव्या मिश्रणात लावून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. पावसाळ्याच्या आत आलात तर बरं, आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की त्याची मुळं कुजतात.